जुनी येझदी घरी उभी करताना : रंगाला घाई नको

भंगाराच्या भावात मिळालेली जुनी मोटारसायकल घराच्या ओट्यावर उघडून बसलेले तरुण आपल्या वस्त्यांतून पुष्कळ दिसतात. त्यांतील बऱ्याच गाड्या पुन्हा रस्त्यावर येत नाहीत. याचे कारण हौस कमी पडते हे नव्हे. पैसा आधी टाकीच्या रंगावर, क्रोमवर आणि नव्या गादीवर जातो व इंजिनपर्यंत पोहोचेतो संपतो. अर्धी उघडलेली गाडी मग भंगारवालाही घासाघीस करूनच घेतो. लहान दुकानदाराची किंवा कारागिराची तीत अडकलेली रक्कम ही मुळात त्याच्या मालाची असते. म्हणून येथे आम्ही कामाचा क्रम सांगत आहोत, आणि उदाहरणाला येझदी घेतली आहे.

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून आधी जावा व पुढे येझदी या नावाने गाड्या निघाल्या. १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. २५० सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, सिलिंडर एक पण सायलेन्सर दोन, किक आणि गिअर एकाच दांड्यात. बांधणी साधी असल्याने पाने, पुलर आणि थोडा धीर एवढ्यावर घरी उघडता येते. २०२२ मध्ये येझदी नावाच्या नव्या गाड्या बाजारात आल्या, पण त्या फोर-स्ट्रोक आहेत. त्यांचे इंजिनचे सामान जुनीला लागत नाही. जुनीचे सामान पुण्याच्या नाना पेठेत व जुन्या बाजारात, मुंबईच्या चोरबाजारात शोधावे लागते. नंबर घासलेला इंजिनचा केस कितीही स्वस्त मिळाला तरी हात लावू नये.

सौदा करण्यापूर्वी आरसी बुकातील इंजिन नंबर व चेसिस नंबर गाडीवर स्वतः वाचून ताडून पाहावेत. नोंदणी पंधरा वर्षांनी संपते व पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागते. बुक हाताने लिहिलेले असल्यास त्याची संगणकावर नोंद आहे का, मूळ मालक हयात आहे का, जुने कर्ज बुकावर चढलेले आहे का, हे आरटीओत विचारून मगच इसार द्यावा. कागद नसलेली गाडी कितीही चकाचक केली तरी ती ओट्यावरच उभी राहणार.

आता इंजिन. बोअर झिजला असेल तर लेथवाल्याकडे नुसता सिलिंडर घेऊन जाऊ नये. आधी पुढच्या मापाचा पिस्टन विकत घ्यावा आणि तो सोबत द्यावा, कारण बोअर पिस्टनच्या मापाने करायचा असतो. पाव मिलिमीटरने काम भागत असेल तर अर्धा मिलिमीटर खाऊ देऊ नये. पुढच्या वेळेसाठी धातू शिल्लक राहतो. कनेक्टिंग रॉड वाजत असल्यास क्रँक प्रेसवर नेणे भाग आहे, ते घरी होत नाही.

टू-स्ट्रोकमध्ये सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी वस्तू म्हणजे क्रँकचे ऑईल सील. क्लचच्या बाजूचे सील गेले की इंजिन गिअरचे ऑईल ओढते व पांढऱ्या धुराचे लोट निघतात. दुसऱ्या बाजूचे गेले की बाहेरची हवा आत येते, इंजिन तापते आणि नवा पिस्टन जाम होतो. इंजिन उघडलेच आहे तर दोन्ही सील आणि क्रँकची बेअरिंगे बदलूनच बंद करावे. धुराच्या तोंडातील व सायलेन्सरमधील काजळी खरवडून काढावी. पुष्कळ गाड्या निव्वळ काजळीमुळे ओढत नाहीत.

टाकीतील गंज लिंबूफुलाच्या पाण्याने निघतो. नंतर टाकी लगेच धुऊन पूर्ण वाळवावी, नाहीतर दुसऱ्या दिवशी पुन्हा लाली चढते. गळक्या टाकीला घरी वेल्डिंग कदापि करू नये. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही पेट्रोलची वाफ असते आणि ती फुटते. ब्रेकचे लायनर, केबली, टायर आणि वायरिंग यांत काटकसर नको. वायरिंग ओढून जुळवण्यापेक्षा नवे घातलेले परवडते.

हौसेचे बदल मात्र मोजून करावेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीचे मूळ स्वरूप परवानगीवाचून बदलता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, होऊ शकते. फ्रेम कापणे, दुसरे इंजिन बसवणे, फटफट करणारा सायलेन्सर लावणे हे सोडून द्यावे. रंग बदलल्यास बुकात नोंद करून घ्यावी. गादी, आरसे, पेटीसाठी मजबूत कॅरिअर एवढ्यात गाडी छान दिसते. शिवाय ही कामे आपल्याच गादीवाल्याची आणि वेल्डरची आहेत.

खर्चाबाबत आमचे मत असे की, ठरवलेल्या रकमेचा चौथा हिस्सा बाजूला बांधून ठेवावा. गाडी उघडल्यावर एक तरी असा भाग निघतो की ज्याचा हिशेब कोणी धरलेला नसतो.

इंजिन बांधून झाले की पहिले पाचशे किलोमीटर सावकाश चालवावे, ऑईल मापानेच मिसळावे, हेडचे नट एकदा पुन्हा कसावेत. मग प्लग काढून पाहावा. टोक तपकिरी असेल तर मिश्रण ठीक. पांढरे असेल तर पेट्रोल कमी पडते आहे किंवा कुठून तरी हवा शिरते आहे. काळे व ओले असेल तर पेट्रोल किंवा ऑईल जास्त होते आहे. प्लग सलग दोन-तीन वेळा तपकिरी निघाला की गाडी पेंटरकडे न्यावी.