जुन्या ग्रंथातून शब्दपरिचय : ‘यात्रिक क्रमण’ आणि ग्वाल्हेरची मराठी मुले

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील ‘शिंदे की छावनी’ या वस्तीच्या नावातच दोन भाषा नांदतात. आडनाव मराठी, प्रत्यय हिंदी. दौलतराव शिंदे यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला व त्यातून लष्कर वसले. त्या काळापासून येथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतील पुष्कळ मुले घरी मराठी बोलतात आणि शाळेत हिंदीतून शिकतात. त्यांना शब्द कमी पडतात असे नव्हे. शब्द तोच राहतो, पण त्याचा मराठी अर्थ निसटतो, ही खरी अडचण होय. ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण की दंड? ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न की थट्टा? आजीचे साधे वाक्य नातवाला भलतेच ऐकू येते.

हा निसटता अर्थ पकडण्यास एक जुना ग्रंथ उपयोगी पडण्याजोगा आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत इंग्लंडमध्ये प्यूरिटन नावाचा कडक आचाराचा ख्रिस्ती पंथ होता. उपासनेतील थाटमाट त्याला अमान्य होता आणि लेखनातही साधेपणाच प्रिय होता. या परंपरेतील जॉन बन्यन हा भांडी दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा. परवान्याविना प्रवचने केल्याबद्दल त्याने सुमारे बारा वर्षे तुरुंगवास भोगला. एका यात्रेकरूच्या प्रवासावरील त्याचे रूपक १६७८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि हरि केशवजी यांनी ते १८४१ मध्ये ‘यात्रिक क्रमण’ या नावाने मराठीत आणले. धर्ममताचा प्रश्न येथे नाही. वर्गात पाहावयाचे ते शब्द.

आरंभ शीर्षकापासूनच करावा. हिंदीत आगगाडीने जाणारा प्रत्येक जण ‘यात्री’. मराठीत तो प्रवासी, आणि यात्रेकरू मात्र तीर्थाला निघालेला. पायी चालणारा वाटसरू, नेमाने पंढरीला जाणारा वारकरी. ‘क्रमण’ हा शब्द मुलांना एकटा कधी भेटलेला नसतो, परंतु ‘आक्रमण’ त्यांना ठाऊक असते. तेथून अतिक्रमण, संक्रमण, परिक्रमा, मार्गक्रमण असे सारे कुटुंब फळ्यावर मांडता येते. पाऊल टाकणे हा मूळ अर्थ सर्वांत आहे.

बन्यनच्या कथेत माणसांना गुणदोषांचीच नावे आहेत, आणि शिक्षकाला खरे काम मिळते ते येथे. यात्रेकरूला घरी परत नेण्यासाठी दोन शेजारी मागे धावतात. एक हटवादी, दुसरा कोणाच्याही म्हणण्याने वाकणारा. पहिल्याला मराठीत काय म्हणावे? ग्वाल्हेरचे मूल चटकन ‘जिद्दी’ म्हणेल. हिंदीत ते दूषण आहे, मराठीत मात्र ती शाबासकी! मग हट्टी, हेकेखोर, दुराग्रही हे शब्द तोलून पाहावे. हट्ट लहान मुलाला शोभतो, हेका थोरांचा खटकतो, दुराग्रह बहुधा मतांचा असतो. दुसरा शेजारी ‘हलक्या कानाचा’ की ‘मऊ’? त्यावर वर्गात वाद होऊ द्यावा. कोशातील एकच अर्थ लिहून दिल्याने हा फरक मुलांच्या ध्यानी येत नाही.

पुढे यात्रेकरू एका बाजारात पोहोचतो. तेथे घरे, पदव्या, राज्ये, सुखे, सारे विक्रीस मांडलेले असते आणि सारेच पोकळ. मुलांच्या डोळ्यांपुढे लगेच ग्वाल्हेरचा १९०५ मध्ये सुरू झालेला मेळा उभा राहील. त्यांना सांगावे, की महाराष्ट्रात खेड्यातील माणूस देवाच्या ‘जत्रेला’, पिराच्या ‘उरुसाला’ आणि आठवड्याच्या ‘बाजाराला’ जातो. ‘मेळा’ म्हटले, की कुंभमेळा अथवा गणेशोत्सवात पदे म्हणणारा मेळा आठवतो.

‘संसार’ या शब्दाला थोडा अधिक वेळ द्यावा. कथानायक बायकामुलांना मागे ठेवून निघतो. त्याने संसार सोडला असे म्हटले, तर हिंदीत जग सोडल्याचा भास होतो. मराठीत चूल, भांडी, मुलेबाळे डोळ्यांपुढे येतात.

मूळ अनुवादाची भाषा जुनी असल्याने कथा शिक्षकाने स्वतःच्या शब्दांत सांगावी. शंका आल्यास मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश पाहावा. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची, म्हणजे अनुवादाच्याच काळातील मराठी त्यात आहे. त्यानंतर प्रत्येक मुलाने एक शब्द घरी न्यावा, आजी-आजोबांकडून त्यावर दोन वाक्ये मागून घ्यावी आणि ती जशीच्या तशी वहीत उतरवून आणावी.