डासाच्या पोटातील शोध
रूढ समजाची कसोटी घेणे, यालाच आपण संशोधन म्हणतो. हिवताप दूषित हवेने येतो, असे शतकानुशतके मानले जाई. डॉ. रोनाल्ड रॉस यांचा संशय डासांवर होता. दोन वर्षे त्यांनी कित्येक डास चिरून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले; परंतु त्यांची जातच निराळी असल्याने हाती काही लागेना. अखेर २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेस ॲनॉफिलीस डासाच्या जठरभित्तीत त्यांना हिवतापाचे जंतू आढळले. तरीही ते थांबले नाहीत. १८९८ साली कलकत्त्यास त्यांनी पक्ष्यांचा हिवताप डासाच्या दंशाने पसरतो, हे सिद्ध केले. माणसाविषयी तेच इटलीतील शास्त्रज्ञांनी त्याच वर्षी दाखविले. आपणही ऐकीव गोष्ट मानण्यापूर्वी ‘पुरावा कोणता?’ असे विचारावयास शिकले पाहिजे.