कांडोळाचा डिंक: खोडापासून धाग्यापर्यंत

कांडोळ ऊर्फ कढई हे कोरड्या, खडकाळ डोंगरउतारांवर वाढणारे पानझडी झाड. साल पांढुरकी, कागदासारखे पापुद्रे सुटणारी. त्यामुळे पाने झडली की ते लांबूनही ओळखू येते. खोडाला जखम झाली की डिंक पाझरतो, आणि एप्रिल-मेच्या कडक उन्हात तो भरपूर येतो. कुऱ्हाडीने खोल घाव घालण्याची रीत मात्र झाडाच्या जिवावर उठते. साल उथळ तासणे किंवा खोडाला बारीक छिद्र पाडून त्यात इथेफॉनचे द्रावण सोडणे झाडाला सोसते. इथेफॉनमधून इथिलीन वायू सुटतो आणि डिंकाचा पाझर वाढतो.

वाळलेल्या खड्यांना चिकटलेली साल-माती काढून पांढरा आणि तांबूस माल वेगळा करतात. भाव रंगावर आणि स्वच्छतेवर ठरतो. साठवलेल्या डिंकाला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. तो नासल्याचा वास नव्हे. या बहुशर्करेच्या साखळीत गॅलॅक्टोज, ऱ्हॅम्नोज आणि युरॉनिक आम्ले असतात. साखळीला लागलेले ॲसिटिल गट हळूहळू सुटतात आणि त्यांचे ॲसिटिक आम्ल होते. याच गटांमुळे डिंक पाण्यात धड विरघळत नाही, नुसता फुगतो. चमचाभर भुकटी भांडंभर पाण्यात भिजत घातली तर सकाळी बुळबुळीत, जाडसर गर तयार होतो. रेचकांत आणि कवळी बसवायच्या भुकटीत हा गुण कामी येतो.

धागा काढायचा तर मात्र तोच गुण आडवा येतो. म्हणून प्रयोगशाळेत सोडियम हायड्रॉक्साइडने ॲसिटिल गट काढून टाकतात; मग डिंक विरघळतो. तरीही एकट्या डिंकाचा धागा नीट निघत नाही, त्यात पॉलिव्हिनाइल अल्कोहोल मिसळावे लागते. उच्च विद्युतदाबाखाली सुईच्या टोकातून खेचलेल्या या द्रावणाचे नॅनोमीटर जाडीचे तंतू होतात आणि त्यांची पांढरी, हलकी चटई साचते. ती पाण्यात विरघळू नये म्हणून उष्णता देऊन साखळ्या एकमेकींना जोडतात. चेक प्रजासत्ताकातील लिबेरेत्सच्या तांत्रिक विद्यापीठात अशा चटयांनी पाण्यातले धातूंचे नॅनोकण गाळून पाहिले आहेत.

डिंक सूक्ष्मजीवांना पचतो. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल मात्र खनिज तेलापासून बनते आणि ठरावीक जिवाणूंनाच पचते, तेव्हा अशा चटईवर ‘पूर्ण नैसर्गिक’ असा शिक्का मारणे धाडसाचेच. शिवाय झाड, हंगाम आणि साठवणीचा काळ बदलला की डिंकाचा घट्टपणाही बदलतो. त्यामुळे धागा काढण्याआधी प्रत्येक खेपेची श्यानता मोजावी लागते.