क्रंबल विकायचा असेल तर भेळवाल्याकडे बघा

अॅपल क्रंबलचा व्हिडिओ बघून बऱ्याच जणांनी तो घरी करून बघितला आणि लगेच पुढचा प्रश्न आला, "छान झालाय, आता विकायला सुरुवात करू का?" करा ना, जरूर करा. पण घरी खायचा क्रंबल आणि विकायचा क्रंबल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरी तो ओव्हनमधून निघतो आणि दहा मिनिटांत वाटीत जातो. ग्राहकाकडे तो चार-पाच तासांनी पोचतो, डब्यात बंद होऊन, स्कूटरवर हादरे खाऊन. त्या चार तासांत त्याचं काय होतं आणि तुमच्या खिशाचं काय होतं, ते आज बघू. कृती व्हिडिओत दाखवली आहेच, इथे त्यामागचं कारण आणि हिशोब मांडतोय.

आधी एक गोष्ट. पहिलं प्रॉडक्ट म्हणून क्रंबल मला केकपेक्षा चांगला वाटतो. केक फुगला नाही तर अख्खा वाया जातो, क्रंबलमध्ये फुगायला काही नाहीच. आयसिंगचा हात लागत नाही. आणि आपल्याकडे सर्वांत महत्त्वाचं म्हणजे यात मुळातच अंडं नसतं. "एगलेस आहे का?" या प्रश्नाला वेगळी रेसिपी शोधावी लागत नाही. मूळचा हा ब्रिटनमधला काटकसरीचा पदार्थ. तिथे जानेवारी १९४० पासून लोणी आणि साखर रेशनवर आली. पायची पारी करायला लोणी जास्त लागतं, त्यापेक्षा थोड्या लोण्यात पीठ चोळून फळावर भुरभुरवलं की काम झालं, म्हणून तो त्या काळात घराघरात रुळला असं सांगतात. वरच्या थरात ओट्स घातलेल्या प्रकाराला अमेरिकेत बहुतेक वेळा 'क्रिस्प' म्हणतात. तुम्ही लेबलवर क्रंबलच लिहा, लोकांना तोच शब्द माहीत आहे.

वरचा थर मऊ का पडतो

माझ्या दुकानात बेकिंगचं सामान घ्यायला येणाऱ्या ताई-दादांची क्रंबलबद्दलची तक्रार नव्वद टक्के वेळा एकच असते. सकाळी कुरकुरीत होता, संध्याकाळी शिऱ्यासारखा झाला.

कारण सोपं आहे. सफरचंदात साधारण ८५ टक्के पाणी असतं, स्ट्रॉबेरीत ९० टक्क्यांच्या वर. साखर लागली की फळ पाणी सोडतं, उष्णतेनं आणखी सोडतं. ओव्हनमध्ये असेपर्यंत ही वाफ वर निघून जाते, म्हणून थर कुरकुरीत राहतो. पण गरम क्रंबलवर तुम्ही झाकण लावलं की वाफेला वाट नाही. ती झाकणाला लागून थेंब होते आणि थेंब परत खाली पडतात. खालून फळाचा रस चढतोच आहे. आणि ओट्स तर पाणी प्यायला टपलेलेच असतात, दुधात टाकलेले ओट्स पाच मिनिटांत कसे फुगतात ते आठवा.

आता भेळवाल्याकडे बघा. तो सकाळी दहालाच भेळ कालवून ठेवतो का? चुरमुरे वेगळे, चटण्या वेगळ्या, गिऱ्हाईक समोर आलं की मगच दोन्ही एकत्र. क्रंबलचंही तेच करायचं. फळ वेगळं शिजवा, ओट्सचा चुरा ट्रेवर वेगळा भाजा, फळ कपात आणि चुरा छोट्या पाऊचमध्ये द्या. ग्राहक खाताना वरून टाकेल. काही जणांना वाटतं की असं दिलं तर 'अर्धवट' वाटेल. उलट आहे हो. पाऊच फोडून कुरकुरीत चुरा स्वतः टाकायला लोकांना आवडतं, मुलांना तर फारच.

याचा दुसरा फायदा धंद्याचा आहे. नीट भाजलेला चुरा पूर्ण थंड करून हवाबंद डब्यात ठेवला तर आठवडाभर आरामात टिकतो. शिजवलेलं फळ फ्रिजमध्ये ठेवून तीन दिवसांत संपवायचं. म्हणजे चुरा रविवारी एकदाच मोठ्या प्रमाणात करून ठेवा, फळ ऑर्डरप्रमाणे करा. सगळं एकत्र भाजत बसलात तर दोन कपांच्या ऑर्डरसाठीसुद्धा पूर्ण खटाटोप करावा लागतो.

चुरा

मैदा १५० ग्रॅम, ओट्स १०० ग्रॅम, थंड बटर १०० ग्रॅम, ब्राऊन शुगर १०० ग्रॅम, अर्धा चमचा दालचिनी पूड, चिमूटभर मीठ. बटर सॉल्टेड असेल तर मीठ नको. ओट्स रोल्ड घ्या, म्हणजे जाडसर, अख्खे दिसणारे. झटपट शिजणारे बारीक ओट्स पिठूळ होतात. (एकाने मसाला ओट्स चालतील का असं विचारलं होतं. नाही चालणार.)

शंकरपाळ्यांना मोहन चोळता ना, तसंच मैद्यात बटर बोटांनी चोळायचं. फरक एवढाच, की मोहन कडकडीत असतं आणि हे बटर थंड हवं. थंड बटरचे बारीक गोळे पिठात तसेच राहतात आणि भाजताना त्यांचे दाणे सुटे होतात. वितळलेलं बटर घातलं तर सगळ्याचा एक लगदा होतो आणि नंतर वीट. एप्रिल-मे महिन्यात हाताच्या उष्णतेनंच बटर पातळ होतं, तेव्हा मैदा चोळून झाल्यावर ताट पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. मग साखर आणि ओट्स मिसळा. ओळखायचं कसं? मुठीत दाबलं तर मुटका वळला पाहिजे आणि बोट लावलं की फुटला पाहिजे.

१७० डिग्रीवर २० ते २५ मिनिटं, मध्ये एकदा काट्यानं हलवून घ्या. बाहेर काढल्यावर हात लावून "अजून मऊच आहे" म्हणून परत आत ढकलू नका. नानकटाईसारखंच आहे, गरम असताना मऊ आणि गार झाल्यावर खुसखुशीत. रंग बघा, बिस्किटासारखा सोनेरी आला की बास. ब्राऊन शुगरऐवजी गुळाची पावडर चालते, चव मला तर जास्त आवडते, पण ती लवकर करपते. शेवटची पाच मिनिटं ओव्हनसमोरून हलू नका.

फळ

१ किलो सफरचंद सोलून, बिया काढून साधारण ८०० ग्रॅम उरतं. त्यात ६० ग्रॅम साखर, एका लिंबाचा रस, दोन चमचे कॉर्नफ्लोअर. जाड बुडाच्या कढईत, झाकण न ठेवता, फोडी मऊ होईपर्यंत पण आकार धरून राहतील इतपतच शिजवा. कॉर्नफ्लोअर सुटलेल्या रसाला धरून ठेवतं. तो नीट शिजून रस चकचकीत झाला पाहिजे, नाहीतर कच्चट लागतो.

आपल्याकडचं लाल सफरचंद गोड असतं, आंबट कमी. म्हणून लिंबू हवंच, नाहीतर सगळं नुसतं गोडगोड लागतं. डिसेंबर ते मार्च महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी घ्या, पण कॉर्नफ्लोअर दुप्पट करा आणि शिजल्यावर बरीच कमी भरेल हे धरून चाला. अननस वर्षभर मिळतो, आंबट आहे, आकारही सोडत नाही, त्याच्याकडे लोक उगाच दुर्लक्ष करतात. हापूस मात्र क्रंबलमध्ये घालू नका. एवढा महाग आंबा शिजवून त्याचा वास घालवायचा, हे माझ्या हिशोबात बसत नाही.

बाजारात डागाळलेला, छोटा, वेडावाकडा माल स्वस्तात मिळतो, तो चालतो. सोलून शिजवायचाच आहे. पण डाग वेगळा आणि सड वेगळी. बुरशी दिसली तर ते फळ फेकायचं, तेवढा भाग कापून बाकीचं वापरायचं नाही.

आता हिशोब

इथेच खरा घोळ होतो. बहुतेक जण कच्च्या मालाच्या वजनावरून कप मोजतात. १ किलो सफरचंद, ६० ग्रॅम साखर, ४५० ग्रॅम चुऱ्याचं सामान, झालं दीड किलो. १६० ग्रॅमचा एक कप म्हणजे ९ कप. कागदावर छान दिसतं. पण सालं-बिया २०० ग्रॅम गेल्या, शिजताना वाफ गेली, भाजताना चुऱ्यातलंही पाणी गेलं. हातात येतं साधारण ७०० ग्रॅम फळ आणि ४१० ग्रॅम चुरा. १०० ग्रॅम फळ आणि ५५ ते ६० ग्रॅम चुरा दिलात तर कप होतात ७. बीबीएला याला 'यील्ड' म्हणायचे आणि परीक्षेपुरतं पाठ करायचे. धंद्यात यातच नफा नाहीतर तोटा असतो. माझे आकडे घेऊ नका, तुमच्या ओव्हनचे, तुमच्या कढईचे घ्या. शिजल्यावर, गार झाल्यावर, काट्यावर ठेवा आणि वहीत लिहा. तीन बॅच झाल्या की तुमचा आकडा हातात आला.

दर तुमच्या गावाप्रमाणे बदला, मी नमुना देतो. सफरचंद १६०, बटर ६०, ओट्स २०, मैदा ८, साखर दोन्ही मिळून १५, लिंबू-दालचिनी-कॉर्नफ्लोअर १२, गॅस आणि वीज १५. एकूण २९० रुपये. भागिले ७, म्हणजे कपाला ४१ रुपये ५० पैसे. भागिले ९ केलंत तर ३२ येतात. कपामागे साडेनऊ रुपयांचा फरक, एकही कप विकायच्या आधी! त्यात कप, झाकण, पाऊच, चमचा, लेबल यांचे १४ धरा. झाले ५५ रुपये ५० पैसे.

आणि तुमची मजुरी? "घरीच तर असते, त्याचं काय धरायचं" असं एक ताई बॅचमध्ये म्हणाल्या. मी त्यांना विचारलं, उद्या ऑर्डर वाढल्या आणि मदतीला बाई ठेवली तर तिला पैसे कुठून देणार? दोन तासांचे २०० रुपये धरा, कपाला २८ रुपये ५० पैसे. आता एका कपाची खरी किंमत ८४ रुपये.

१२० ला विकलात तर ३६ रुपये सुटतात. पण डिलिव्हरी अॅपवरून विकलात आणि त्यांनी समजा २५ टक्के कापले, तर ३० रुपये तिथेच गेले. उरले ६. एखादा कप परत आला की पाच-सहा दिवसांची ऊर्जा संपली समजा. म्हणून सुरुवातीचे महिने सोसायटीचा ग्रुप, ऑफिसची ऑर्डर, ओळखीचं आइस्क्रीम पार्लर असं थेट विका. अॅपवर जायचंच असेल तर तिथला भाव वेगळा ठेवा. दुप्पट बॅच केलीत तर वेळ दुप्पट लागत नाही, १४ कप तीन तासांत होतात आणि मजुरी कपाला २१ वर येते. चुरा आधी करून ठेवण्याचा फायदा तो हाच.

लेबलबद्दल थोडक्यात. विक्री सुरू करायच्या आधी एफएसएसएआयचं रजिस्ट्रेशन करून घ्या आणि त्यांचा १४ आकडी नंबर लेबलवर टाका. हिरवं व्हेज चिन्ह, घटक, केल्याची तारीख, कधीपर्यंत खावं ते, आणि गहू, ओट्स, दूध असल्याचा स्पष्ट उल्लेख. ओट्स आहेत म्हणून 'ग्लूटेन-फ्री' किंवा 'डाएट स्वीट' असं काही लिहू नका. यात मैदा आहे, बटर आहे, साखर आहे. ज्याला गव्हाचा खरंच त्रास होतो, तो तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून खाईल.

पाऊचवर "खायच्या आधी टाका" एवढं मोठ्या अक्षरात छापा. नाहीतर कुणीतरी घरी पोचल्या पोचल्या चुरा कपात ओतून कप फ्रिजमध्ये ठेवतं आणि रात्री तुम्हाला फोन करतं. कप कुठल्या मापाचा घ्यायचा आणि घाऊक बाजारात किती नगांपासून मिळतो, ते पुढच्या व्हिडिओत दाखवतो.