बंद दारांआडचं जाळं
लेखांक ४ : एक हजार चोवीस पत्ते

इंटरनेटवर वावरायचं तर पत्ता लागतो. उत्तर कोरियाच्या नावावर असे पत्ते आहेत १,०२४ आणि देशाची लोकसंख्या आहे सुमारे अडीच कोटी. एका पत्त्याआडून अनेक यंत्रं चालवता येतात हे खरं, पण भारतातल्या एखाद्या मध्यम आकाराच्या कंपनीकडेही याहून जास्त पत्ते असू शकतात. इथे तेवढ्यात अख्खा देश बसवला आहे.

बाहेरच्या जगाशी जोडणारी वाट बरीच वर्षं एकच होती, चीनमधून जाणारी. ऑक्टोबर २०१७मध्ये रशियाच्या बाजूने दुसरी उघडली. वाट अशी चिंचोळी असली की ती अडवणंही सोपं जातं. २२ डिसेंबर २०१४ला हा देश नऊ तासांहून अधिक काळ जगाच्या नकाशावरून पुसल्यासारखा झाला होता. जानेवारी २०२२मध्ये तर एका अमेरिकी सुरक्षा-संशोधकाने घरी बसून, एकट्याने, त्यांची संकेतस्थळं पुन्हापुन्हा बंद पाडली. त्याआधी वर्षभर उत्तर कोरियाच्या हॅकरांनी त्याच्या संगणकात शिरायचा प्रयत्न केला होता, त्याचं हे उत्तर होतं.

या १,०२४ पत्त्यांमधून सामान्य कोरियन माणूस बाहेर डोकावत नाही. त्याच्यासाठी वेगळं जाळं आहे, ‘क्वांगम्योंग’. शब्दाचा अर्थ तेजस्वी प्रकाश. विद्यापीठं, ग्रंथालयं, सरकारी कार्यालयं यांना जोडणारं हे देशांतर्गत जाळं इंटरनेटला कुठेही भिडत नाही. त्यावर काय ठेवायचं हे सरकार ठरवतं. आताची मोबाइल सेवा २००८पासून आहे आणि आज मोबाइल लाखोंच्या हातात आहेत, पण फोन लागतो तो देशातल्या देशात.

संगणकाचंही तेच. ‘लाल तारा’ नावाची सरकारी संगणक-प्रणाली लिनक्सवर बेतलेली आहे आणि तिची तिसरी आवृत्ती दिसायला थेट ॲपलच्या संगणकासारखी आहे. डिसेंबर २०१५मध्ये दोन जर्मन संशोधकांनी ती उलगडून दाखवली, तेव्हा आत एक विलक्षण गोष्ट सापडली. पेन ड्राइव्ह लावला की ही प्रणाली त्यातल्या चित्रांवर आणि दस्तऐवजांवर गुपचूप खूण उमटवते. ती खूण त्या संगणकाच्या हार्ड डिस्कच्या क्रमांकापासून बनते. फाइल उघडावीही लागत नाही. तीच फाइल पुढे दुसऱ्या संगणकात गेली की त्याचीही खूण आधीच्या खुणेमागे जोडली जाते. म्हणजे फाइल जितके हात बदलेल तितकी तिची वंशावळ लांबत जाते, आणि ती हाती लागली की कोणी कोणाला दिली याचा माग उलटा काढता येतो. प्रणालीच्या मूळ फाइलींना हात लावला तर संगणक स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू होतो.

हे कशासाठी, ते तिथल्या लोकांना चांगलं ठाऊक आहे. चीनच्या सीमेवरून मेमरी कार्डांवर दक्षिण कोरियाच्या मालिका आत येतात, रात्री दारं लावून पाहिल्या जातात. डिसेंबर २०२०च्या कायद्याने अशा गोष्टी वाटणाऱ्याला देहदंडापर्यंतची शिक्षा आहे. एका मालिकेसाठी! आपल्याकडे संध्याकाळी सहज चालणारी गोष्ट तिथे माणसाच्या जिवावर बेतू शकते, हे मनाला लावून घेतल्याशिवाय या देशाबद्दल लिहिता येत नाही.

आणि याच देशातून जगातले सर्वात धाडसी सायबर दरोडे पडतात.

गणितात चमकणारी मुलं तिथे शाळेतच हेरली जातात आणि किम इल-सुंग विद्यापीठ, किम चेक तंत्रविद्यापीठ अशा संस्थांमध्ये घडवली जातात. त्यांच्या बुद्धीबद्दल शंका नको. २०१९मध्ये पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात विद्यापीठांच्या जागतिक प्रोग्रॅमिंग स्पर्धेची अंतिम फेरी झाली, तीत किम चेकचा संघ आठवा आला. त्या वयात त्यांच्यापुढे कोणती वाट मोकळी असते? लष्कराच्या हेरखात्याची, म्हणजे २००९मध्ये स्थापन झालेल्या टेहळणी महासंचालनालयाची, वाट मात्र असते. दक्षिण कोरियाच्या संरक्षण खात्याने सायबर दलाचं बळ ६,८०० धरलं आहे. यातले अनेक जण चीनमधल्या शहरांतून काम करत आले आहेत. अमेरिकेने २०१८मध्ये ज्याच्यावर आरोप ठेवले तो पाक जिन ह्योक दालियान या चिनी शहरात एका कंपनीच्या आडून सरळ पैसे घेऊन प्रोग्रॅमिंगची कामंही करत होता. असा माणूसच अस्तित्वात नाही, असं प्याँगयाँगचं म्हणणं आहे.

त्याच्यावरच्या आरोपांत बांगलादेश बँकेचा दरोडा आहे. फेब्रुवारी २०१६ची ती आखणी कॅलेंडर समोर ठेवूनच झाली असावी. गुरुवारी रात्री बँकेची ढाक्यातली कचेरी बंद झाल्यावर तिच्या न्यूयॉर्कमधल्या खात्यातून पैसे वळते करण्याचे आदेश गेले. शुक्रवार-शनिवार ढाक्याला सुट्टी, शनिवार-रविवार न्यूयॉर्कला, आणि सोमवारी मनिलात चिनी नववर्षाची. व्यवहारांची नोंद छापणारा प्रिंटर आधीच बंद पाडलेला. मागणी होती ९५ कोटी १० लाख डॉलरची. बरेचसे आदेश अडले. त्याला कारण झाला मनिलातल्या ज्या बँक-शाखेत पैसे जायचे होते तिच्या पत्त्यातला ‘ज्युपिटर’ हा शब्द, कारण त्याच नावाचं एक जहाज निर्बंधांच्या यादीत होतं. तरीही ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्समध्ये पोहोचले आणि त्यातले बहुतेक कॅसिनोंच्या टेबलांवरून नाहीसे झाले.

अडीच वर्षांनी पुण्याची पाळी आली. १९०६ साली स्थापन झालेली कॉसमॉस ही पुणेकरांची जुनी सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८च्या शनिवारी दुपारी कोणी खिडकी फोडली नाही की तिजोरीला हात लावला नाही. एटीएममध्ये कार्ड घातलं की ‘या खात्यात पैसे आहेत का, द्यायचे का’ अशी विचारणा बँकेच्या स्विचकडे जाते. हल्लेखोरांनी मालवेअर घुसवून खऱ्या स्विचशेजारी एक खोटा स्विच उभा केला. विचारणा बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचतच नव्हती, आणि खोटा स्विच प्रत्येकाला ‘द्या’ म्हणत होता. बनावट कार्डं हातात घेतलेली माणसं २८ देशांत एटीएमसमोर उभी होती. भारतातही पैसे निघाले, त्यात कोल्हापूरची एटीएमही होती. दोन-अडीच तासांत सुमारे ८० कोटी रुपये गेले. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेमार्गे आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. असा हल्ला होणार आहे, असा इशारा अमेरिकेच्या एफबीआयने आदल्याच दिवशी बँकांना दिला होता.

एप्रिल २०२३मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं. ती एटीएमच्या बाजूची, भारतात सापडलेली माणसं. या चोरीमागे उत्तर कोरिया असल्याचं सांगितलं ते २०१९मध्ये, या देशावरच्या निर्बंधांवर लक्ष ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने.

पुढे बँकांपेक्षा आभासी चलनाकडे मोर्चा वळला, कारण तिथे पैशाची तिजोरी आणि तो बाहेर न्यायचा रस्ता दोन्ही एकच असतात. जुलै २०२४मध्ये वझीरएक्स या भारतीय बाजारातून सुमारे २३ कोटी ५० लाख डॉलर, म्हणजे जवळपास २,००० कोटी रुपये गेले आणि साध्या गुंतवणूकदारांचे पैसे वर्षाहून अधिक काळ अडकून पडले. फेब्रुवारी २०२५मध्ये बायबिट या अशाच बाजारातून एका फटक्यात गेले ते सुमारे दीड अब्ज डॉलर.

उलट वार करावा तर कशावर? तिथे बंद पाडायला ऑनलाइन बँका नाहीत, ठप्प करायला रेल्वेची आरक्षणं नाहीत. ज्या अभावात तिथली माणसं जगतात, तोच अभाव राज्यकर्त्यांची ढाल झाला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०१६-१७च्या निर्बंधांनी कोळसा, कापड, मासळी यांची निर्यात रोखली, तेव्हापासून परकीय चलनाची ही वाट त्यांना अधिकच मोलाची झाली. २०१७ ते २०२३ या काळातल्या ५८ संशयित हल्ल्यांचा आणि सुमारे ३ अब्ज डॉलरच्या चोऱ्यांचा तपास संयुक्त राष्ट्रांचं तेच तज्ज्ञ मंडळ करत होतं. हा पैसा शस्त्रास्त्र कार्यक्रमाकडे जातो, असं त्याच्या मार्च २०२४च्या अहवालात आहे.

त्याच महिन्यात मंडळाला मुदतवाढ देण्याचा ठराव सुरक्षा परिषदेत आला. रशियाने नकाराधिकार वापरला आणि ३० एप्रिल २०२४ला मंडळाचं काम थांबलं.

(पुढील लेखांकात : खोट्या नावाने परदेशी कंपन्यांत घरबसल्या नोकरी करणारे उत्तर कोरियाचे प्रोग्रॅमर)