सामाजिक सुरक्षा आणि स्वयंउद्योगाची तयारी : पुणे शहराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

सामाजिक सुरक्षेविषयी दोन परस्परविरोधी मते प्रचलित आहेत. आजारपण, बेकारी व वार्धक्य यांची तरतूद शासनाने केली तर माणूस परावलंबी बनतो, हे पहिले मत. उद्योग म्हणजे जोखीम, आणि पडल्यावर सावरण्याची सोय असेल तरच सामान्य माणूस जोखीम पत्करतो, हे दुसरे. वस्तुतः ही दोन्ही मते अपुरी आहेत. सुरक्षा किती दिली याइतकाच ती कशाला जोडलेली आहे, नोकरीला की माणसाला, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. पुणे व परिसरात या दोन्ही प्रकारांची उदाहरणे शेजारी-शेजारी पाहावयास मिळतात.

नोकरीला जोडलेली सुरक्षा :

कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ साली व भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ साली झाला. पिंपरी-चिंचवड व भोसरी येथील कारखान्यांतील कामगारांच्या पिढ्यांना त्यांचा मोठा आधार लाभला, यात शंका नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली. तथापि राज्य विमा व भविष्यनिर्वाह निधी यांचा पाया मालक-कामगार संबंध हाच राहिला आहे.

समजा, पंधरा वर्षे लेथवर काम केलेल्या कुशल कामगारास स्वतःचे छोटे वर्कशॉप काढावयाचे आहे. कसब त्याच्याजवळ आहे. काम कोठून मिळेल हेही त्यास ठाऊक आहे. यंत्रासाठी कर्जही कदाचित मिळेल. परंतु राजीनामा दिल्यानंतर काही महिन्यांतच राज्य विम्याचे छत्र सुटते आणि भविष्यनिर्वाह निधीत मालकाचा वाटा जमा होणे थांबते. यंत्राच्या हप्त्याची जोखीम व कुटुंबाच्या आजारपणाची जोखीम अशा रीतीने एकाच वेळी अंगावर येते. मराठी माणूस धंद्यात पडत नाही, असे जे वारंवार म्हटले जाते, त्यामागे स्वभावदोषापेक्षा हा साधा हिशेब अधिक असावा.

हा हिशेब केवळ येथलाच नव्हे. अमेरिकेत नोकरदार वर्गाचा आरोग्य विमा प्रामुख्याने नोकरीशीच बांधलेला आहे; ६५व्या वर्षी मात्र मेडिकेअर ही शासकीय योजना लागू होते. फेअरली, कपूर व गेट्स यांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६५ वर्षे पूर्ण होताच स्वतःचा व्यवसाय असणार्‍यांचे प्रमाण वाढलेले आढळले. त्या एका महिन्यात माणसाचे धाडस वाढत नाही. विमा तेवढा बदलतो. मेक्सिकोतील ‘प्रोग्रेसा’ या अनुदान योजनेचा बियांकी व बोब्बा यांनी केलेला अभ्यास (२०१३) आणखी एक बाब दाखवितो. तेथे स्वयंरोजगाराकडे वळण्याचा निर्णय हाती आलेल्या रकमेपेक्षा पुढे नियमित मिळणार असलेल्या रकमेवर अधिक अवलंबून होता. म्हणजे येथे अनुदान भांडवल म्हणून नव्हे, तर विमा म्हणून उपयोगी पडले.

पुण्यातील कचरावेचकांचा अनुभव :

ज्यांना मालकच नाही, त्यांचे काय? कागद-काच-पत्रा वेचणार्‍या स्त्रियांपुढे १९९० च्या सुमारास हाच प्रश्न होता. एसएनडीटी विद्यापीठाच्या पुण्यातील प्रौढशिक्षण कार्यातून त्यांच्याशी संपर्क वाढला आणि १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. पुढे महापालिकेने मान्य केलेली ओळखपत्रे मिळाली, सदस्यांची पतसंस्था उभी राहिली आणि २००२-०३ मध्ये महापालिकेने नोंदणीकृत कचरावेचकांसाठी वैद्यकीय विम्याची व्यवस्था केली. हे लाभ कोणत्याही मालकाकडील हजेरीपटावर अवलंबून नव्हते.

त्यानंतर, २००८ मध्ये, ‘स्वच्छ’ या कष्टकर्‍यांच्या मालकीच्या सहकारी संस्थेने घरोघरी कचरा गोळा करण्याचा महापालिकेशी करार केला. यात सदस्यांस महापालिकेचे वेतन नाही. घरटी मिळणारे शुल्क व भंगाराची विक्री हेच उत्पन्न. एखाद्या सोसायटीने पैसे थकविले तर तोटा गोळा करणारीचा. यास उद्योग म्हणावे काय, अशी शंका कोणी घेईल. परंतु ग्राहक, दर व वसुली यांची जोखीम ज्याच्या शिरावर असते तो उद्योजकच होय. भांडवल ढकलगाडीएवढे असले म्हणून व्याख्या बदलत नाही.

विमा मिळाला म्हणूनच ‘स्वच्छ’ उभी राहिली, असे विधान करणे धाडसाचे होईल. संघटनेचे पाठबळ व शहराची कचर्‍याची निकड हीही कारणे होतीच. घटनाक्रम मात्र दुर्लक्षिता येण्याजोगा नाही : आधी ओळख, बचत व विमा, मग करार. उद्योजकता विकासाच्या आपल्या बहुतेक योजना याउलट क्रमाने, प्रथम कर्जापासून, सुरू होतात.

राज्यापुरते पाहता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे माणसाला जोडलेल्या सुरक्षेचे मोठे उदाहरण होय. ती सर्व नागरिकांना खुली करून संरक्षण दीड लाखांवरून ५ लाख रुपयांपर्यंत नेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. नोकरी सोडणार्‍या लेथ-कामगाराची एक भीती त्यामुळे निश्चितच कमी होते. परंतु ही योजना रुग्णालयातील उपचारांचा खर्च उचलते, बुडालेली कमाई नव्हे. नोकरदारास आजारपणाची रजा असते, राज्य विम्यात आजारपणाचा भत्ता असतो. वर्कशॉपचे शटर तीन आठवडे बंद राहिले तरी यंत्राचा हप्ता ठरलेल्या तारखेलाच भरावा लागतो.