फ्लिपरचा जोर कुठे गेला?

शिकागोच्या गॉटलीब कंपनीने १९४७ साली ‘हम्प्टी डम्प्टी’ या पिनबॉल यंत्राला फ्लिपर बसवले. त्या काळच्या यंत्रांत चिप नव्हती. रिले, कॉइल आणि लवचिक पट्ट्यांचे स्विच यांवरच सगळा खेळ चाले.

फ्लिपर मलूल झाला की लोक आधी कॉइल बदलतात. जरा थांबा. त्या कॉइलमध्ये दोन वेटोळी असतात: जाड तारेचे फटक्यासाठी, बारीक तारेचे फ्लिपर वर धरून ठेवण्यासाठी. बटण दाबताच वीज जाड तारेतून धावते. फ्लिपर वर पोचला की त्याच्याजवळचा एक छोटा स्विच उघडतो, बारीक वेटोळे वाटेत येते आणि प्रवाह घटतो. किती सुंदर युक्ती! पण स्विचच्या टोकांवर काजळी धरली, तर फटक्याच्या क्षणीही वीज बारीक तारेतूनच जाते आणि चेंडू अर्ध्या वाटेतून परततो. उलट स्विच उघडलाच नाही, तर बटण दाबून धरताच कॉइल तापते, करपल्याचा वास येतो.

प्लग काढूनच हात घाला. टंगस्टनची टोके बारीक कानशीने हलकेच घासा. मग फ्लिपर बोटाने वर न्या आणि पट्ट्या शेवटच्या क्षणी अलग होतात का, ते टॉर्च धरून पाहा.